लिनक्ससाठी नेटवर्क कार्ड घेताना: खोके बाजूला, आधी चिप

विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ हे साधारण २०१८ च्या आधीच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चढत नाही. आपल्या वसई-विरार पट्ट्यात अशी जुनी मशीन पुष्कळ आहेत. मुंबईतल्या कार्यालयांतून निघालेले डेल, एचपी, लिनोव्होचे सीपीयू इथे मुलांच्या अभ्यासाला, झेरॉक्सच्या दुकानात, वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत बिले बनवायला वर्षानुवर्षे राबतात. ती भंगारात घालू नका. त्यांवर लिनक्स टाका, आणखी काही वर्षे सहज चालतील. लिनक्स ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली आहे. म्हणजे संगणक चालवणारी अशी मूळ व्यवस्था, जिचा कोड कुणीही वाचू, बदलू आणि फुकट वापरू शकतो.

लिनक्स टाकल्यावर पडदा, आवाज, प्रिंटर बहुतेक वेळा विनातक्रार चालतात. अडते ते इंटरनेट, आणि तेही दोन कारणांनी. एक तर जुन्या मशीनमध्ये वायफाय नसते. दुसरे कारण आपल्या पावसाचे. जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, आणि एका इमारतीच्या गच्चीवरून दुसरीकडे ओढलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधून आलेला विजेचा झटका मदरबोर्डवरचे लॅनचे पोर्ट जाळून टाकतो. बाकीचा संगणक धडधाकट, फक्त नेट मेलेले. अशा वेळी नवा मदरबोर्ड घ्यायची गरज नसते. हजाराच्या आतले एक नेटवर्क कार्ड काम भागवते, पण ते लिनक्स ओळखेल असे हवे. ते कसे निवडायचे, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

खरेदीआधी खात्री करून घ्या की कार्डाची गरज खरोखर आहे. लॅनच्या पोर्टाशेजारी दोन बारीक दिवे असतात. केबल लावल्यावर त्यांतला एकही पेटत नसेल, तर आधी केबल बदलून बघा, मग राउटरचे दुसरे पोर्ट वापरून बघा. पावसाळ्यात केबलच्या टोकाच्या क्लिपमध्ये ओल शिरून तिचे काटे हिरवे पडतात, आणि दोष पोर्टाचा समजून कार्ड विकत घेतले जाते. क्लिप कापून नवी क्रिम्प करायला नेटवाल्याला पाच मिनिटे लागतात.

दिवे पेटोत वा न पेटोत, तरीही नेट येत नसेल तर बायोसमध्ये जा. बायोस म्हणजे संगणक चालू होताना, कार्यप्रणाली सुरू होण्याआधी दिसणारी सेटिंगची पाटी. तिथे मदरबोर्डवरचे लॅन बंद करून ठेवलेले सापडते, विशेषतः कार्यालयातून आलेल्या मशीनवर. लॅपटॉपवर वायफाय दिसत नसेल तर कीबोर्डावरचे विमानाचे चिन्ह असलेले बटण चुकून दाबले गेलेले असू शकते.

एवढे करूनही काही हाती लागले नाही, तर लिनक्सचा थेट पेनड्राइव्ह लावून बघा. लिनक्स मिंट किंवा उबुंटू हे लिनक्सचे प्रकार पेनड्राइव्हवरून, हार्डडिस्कला हात न लावता चालवता येतात. तिथेही नेट नसेल आणि दुसऱ्या केबलवरही दिवे मेलेले असतील, तर पोर्ट गेले असे धरायला हरकत नाही.

आता चार शब्द समजून घेऊ, पुढचे सगळे त्यांवर उभे आहे. चिप म्हणजे कार्डावरचा तो काळा चौकोन, जो प्रत्यक्ष काम करतो. ड्रायव्हर म्हणजे त्या चिपशी बोलायला कार्यप्रणालीला लागणारा छोटा प्रोग्रॅम. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिहायला घेतला तो हाच, आणि ड्रायव्हर याच्या पोटात असतात. फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, जो अनेक वायफाय कार्डांना दर वेळी चालू होताना बाहेरून भरावा लागतो.

विंडोजवर ड्रायव्हर सीडीतून किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यायची सवय आपल्याला असते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात. कार्ड लावले की तो आपोआप जागा होतो. कार्ड निवडताना म्हणून एकच प्रश्न महत्त्वाचा: याच्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का? असेल तर तीनशे रुपयांचे कार्डही वर्षानुवर्षे निमूट चालते. नसेल तर तीन हजारांचे कार्डही डोकेदुखी होते, कारण मग कुणीतरी लिहिलेला ड्रायव्हर स्वतः बांधून बसवावा लागतो आणि कर्नल बदलला की तो मोडतो. आज चालू झाले, पुढच्या महिन्याच्या अपडेटनंतर बंद. संगणकाची फारशी माहिती नसलेल्या घरात असे कार्ड देणे मला अन्यायाचे वाटते.

खोक्यावर टीपी-लिंक, डी-लिंक, टेंडा अशी नावे असतात. या कंपन्या या कार्डांतली चिप सहसा दुसऱ्यांकडून घेतात: रिअलटेक, इंटेल, मीडियाटेक, क्वालकॉम-अॅथेरॉस, ब्रॉडकॉम. आगाशीत एकाच घरी वाळवलेली सुकेळी तीन दुकानांच्या तीन पिशव्यांत विकली जावीत, तसे तीन ब्रँडच्या तीन कार्डांत एकच चिप निघते. उलटही होते, आणि ते जास्त फसवे: एकाच ब्रँडच्या, एकाच नावाच्या कार्डात दोन वर्षांनी वेगळीच चिप असते. त्याकडे पुढे येऊ.

यानंतर आपल्या मशीनमध्ये कोणते कार्ड बसते ते बघा. सीपीयूचे झाकण उघडा. हल्लीच्या मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेस नावाचे स्लॉट असतात. सर्वांत छोटा अडीच सेंटीमीटरचा, तो आपल्याला पुरतो. तो भरलेला असेल तर ग्राफिक्ससाठीच्या लांब स्लॉटमध्येही छोटे कार्ड बसते आणि चालते. फार जुन्या मशीनमध्ये मात्र साधे पीसीआय स्लॉट असतात, लांब आणि बहुधा पांढरे. पीसीआय आणि पीसीआय एक्स्प्रेस ही नावे सारखी वाटली तरी एकाचे कार्ड दुसऱ्यात जात नाही. दुकानात सर्वांत जास्त परत येणारा माल याच गोंधळातला असतो. मोबाइलवर स्लॉटचा फोटो काढून नेला की प्रश्न मिटतो.

कार्यालयातून आलेले सीपीयू अनेकदा अरुंद असतात. त्यांच्या मागच्या फटीत पूर्ण उंचीची धातूची पट्टी मावत नाही. कार्डाबरोबर अर्ध्या उंचीची पट्टी खोक्यात आहे का, हे विकत घेतानाच बघा. दोन स्क्रू काढून पट्टी बदलता येते, पण पट्टीच नसेल तर कार्ड लोंबकळत राहते आणि केबल ओढली गेली की स्लॉटमधून निसटते.

लॅपटॉपमध्ये आतले वायफाय कार्ड दोन आकारांत येते: जुन्यात मिनी पीसीआय एक्स्प्रेस, नव्यात एम.२. इथे दोन खड्डे आहेत. काही वर्षांपूर्वीच्या एचपी आणि लिनोव्हो लॅपटॉपांच्या बायोसमध्ये परवानगीची यादी असते. यादीबाहेरचे कार्ड लावले की मशीन सुरूच होत नाही, पडद्यावर अनधिकृत कार्डाची सूचना येते. तेव्हा जुन्या लॅपटॉपचे आतले कार्ड बदलण्याआधी आपल्या मॉडेलला अशी यादी आहे का ते शोधा, नाहीतर सरळ यूएसबीचे डोंगल, म्हणजे बाहेरून खोचायचे छोटे कार्ड, घ्या.

दुसरा खड्डा इंटेलच्या कार्डांचा. एएक्स २०० आणि एएक्स २१० ही कार्डे स्वतंत्र आहेत, एम.२ जागा योग्य असेल तर इंटेल किंवा एएमडी कोणत्याही मशीनवर चालतात. एएक्स २०१ आणि एएक्स २११ दिसायला जवळजवळ तशीच, पण त्यांचे अर्धे काम इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरमध्ये होते. दुसऱ्या मशीनमध्ये ती निर्जीव असतात. सेकंडहँड बाजारात ती स्वस्त मिळतात, आणि घेणाऱ्याला वाटते घबाड लागले. शेवटचा आकडा ० असेल तरच घ्या.

शक्य असेल तिथे तारेचे कार्ड घ्या, असे माझे ठाम मत आहे. आपल्या इमारतींत भिंतीला भिंत लागून घरे आहेत, प्रत्येक घरात राउटर आहे, आणि २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफाय पट्ट्यात एकमेकांना न छेदणारे मार्ग तीनच आहेत. नालासोपाऱ्याच्या एखाद्या दाट वस्तीत मोबाइलवर वायफायची यादी उघडली तर संपता संपत नाही. तारेला या गर्दीशी देणेघेणे नसते. लिनक्सच्या दृष्टीनेही तारेची कार्डे फार सोपी आहेत.

तारेच्या स्वस्त कार्डांत बहुतेक वेळा रिअलटेकची आरटीएल ८१११ किंवा ८१६८ ही चिप असते. सेकंदाला एक गिगाबिट वेग. तिचा आर८१६९ नावाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये कित्येक वर्षांपासून आहे. टीपी-लिंकचे टीजी-३४६८ हे बाजारात सहज मिळणारे कार्ड रिअलटेकच्या याच कुळातले. घरासाठी हे पुरेसे आहे, यापेक्षा महागाच्या वाटेला जायचे कारण नाही. अडीच गिगाबिटची कार्डे आरटीएल ८१२५ चिपवर येतात. तीही तोच ड्रायव्हर चालवतो, पण कर्नल ५.४ किंवा नंतरचा हवा. तो २०१९ च्या नोव्हेंबरात आला, म्हणजे आजचे कोणतेही ताजे लिनक्स चालेल. मात्र घरी येणारे नेट शंभर-दोनशे मेगाबिटचे असेल तर अडीच गिगाबिट कार्डाने ते वाढत नाही.

इंटेलची आय२१० ही चिप उत्तम, जरा महाग. इंटेलच्या कार्डांत नकली माल फिरतो, विशेषतः चार पोर्टांच्या सर्व्हर कार्डांत. भाव फारच कमी वाटला तर सोडून द्या. आय२२५ या अडीच गिगाबिट चिपच्या सुरुवातीच्या उत्पादनात खुद्द हार्डवेअरचा दोष होता, त्यामुळे जोडणी तुटायची. त्याजागी आय२२६ घ्यावी.

लॅपटॉपला तार लावायची असेल आणि लॅनचे पोर्टच नसेल, तर यूएसबी-लॅन डोंगल. यात आरटीएल ८१५३ ही चिप शोधा. टीपी-लिंकच्या यूई३०० मध्ये हीच असते. एसिक्सची एएक्स ८८१७९ हीसुद्धा चालते. निळ्या-काळ्या प्लॅस्टिकची, ब्रँडचे नाव नसलेली, दोनशेच्या आतली डोंगल टाळा. त्यांतली काही यूएसबी १.१ च्या जुन्या वेगावर, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिटवर अडकलेली असतात, आणि खोक्यावर मात्र १०० लिहिलेले असते.

आता वायफाय. वेळ आणि पैसे वाया जातात ते इथेच, म्हणून सावकाश जाऊ.

यूएसबी वायफाय डोंगलांत मीडियाटेकच्या चिप लिनक्सला सर्वांत मानवतात. एमटी ७६०१यू ही अगदी स्वस्त, फक्त २.४ गिगाहर्ट्‌झची, तिचा ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्ये आहे. मुलाच्या अभ्यासापुरते नेट हवे आणि राउटर त्याच खोलीत आहे, तर तिने भागते. दोन्ही पट्टे, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ हवे असतील तर एमटी ७६१०यू किंवा एमटी ७६१२यू. या दोन्हींचे ड्रायव्हर २०१८ पासून आहेत. दाट वस्तीत ५ गिगाहर्ट्‌झचा फरक लगेच जाणवतो, तेव्हा थोडे जास्त पैसे इथे घालावेत. वायफाय ६ हवे असेल तर एमटी ७९२१एयू, २०२२ नंतरच्या कर्नलवर.

रिअलटेकची यूएसबी वायफाय डोंगल आपल्या बाजारात सर्वांत जास्त आहेत, आणि त्यांची गोष्ट गुंतागुंतीची आहे. बरीच वर्षे यांतल्या अनेक चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हते. लोक इकडून तिकडून कोड उतरवून बांधायचे. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या कर्नल ६.२ पासून आरटीएल ८८२१सीयू आणि ८८२२बीयू या चिप थेट चालू लागल्या. आरटीएल ८८१२एयू आणि ८८२१एयू यांना त्यासाठी २०२५ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा घरात आधीपासून असे एखादे डोंगल पडलेले असेल, तर फेकू नका. नवे लिनक्स टाकून पुन्हा लावून बघा. लिनक्स मिंट २२ मध्ये कर्नल ६.८ आहे, मिंट २२.२ मध्ये ६.१४. आपल्याकडे कोणता आहे ते बघायला टर्मिनल उघडा. टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी. त्यात इंग्रजीत यू-एन-ए-एम-ई ही अक्षरे सलग लिहा, मग जागा सोडून वजाचे चिन्ह आणि आर.

आता तो एकाच नावाच्या दोन चिपांचा प्रकार. टीपी-लिंकचे टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे डोंगल लिनक्सवाल्यांत फार नावाजलेले. पहिल्या आवृत्तीत अॅथेरॉसची एआर ९२७१ चिप होती, आणि तिचे फर्मवेअरसुद्धा २०१३ मध्ये मुक्तस्रोत झाले. दुसऱ्या आवृत्तीपासून कंपनीने आत रिअलटेकची ८१८८ चिप घातली. खोके जवळपास तेच, नाव तेच. जुने लेख वाचून आजही माणसे हे डोंगल मागवतात आणि भलतीच चिप हातात पडते. आवृत्ती डोंगलच्या मागच्या लेबलवर इंग्रजी व्ही आणि पुढे आकडा अशी बारीक छापलेली असते. ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुन्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची चिप असेल तर तिचा ड्रायव्हर बऱ्याचदा वेगळा टाकावा लागतो. मशीनला परवानगीची यादी नसेल तर मला यावर कायमचा उपाय बरा वाटतो: आतले कार्ड बदलून अॅथेरॉसचे एआर ९४६२ बसवणे. सेकंडहँड अगदी स्वस्त मिळते, दोन्ही पट्टे चालतात, आणि त्याला बाहेरून फर्मवेअरही भरावे लागत नाही.

खरेदीसाठी वसई रोड, विरार स्टेशनजवळची दुकाने आहेतच. निवड जास्त हवी तर ग्रँट रोडला उतरून पूर्वेकडे लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. दुकानदाराला "लिनक्सवर चालेल का?" असे विचारू नका. उत्तर बहुतेक वेळा "हो, सगळ्यावर चालतं" असेच येते, आणि त्यात त्याचा दोष नाही; तो विंडोजचा ग्राहक रोज बघतो. "दादा, आतली चिप कोणती आहे?" असे विचारा. सांगता आले नाही तर मॉडेल आणि आवृत्ती टिपून घ्या, बाजूला उभे राहून मोबाइलवर त्याच्या चिपचे नाव शोधा.

खोक्यावर "लिनक्स सपोर्ट" आणि पुढे कर्नल २.६ ते ४ अमुक असे लिहिलेले असेल तर हुरळून जाऊ नका. त्याचा अर्थ बहुधा असा, की कंपनीने त्या जुन्या कर्नलांसाठी ड्रायव्हरचा कोड दिला आहे आणि तो आपणच बांधायचा आहे. नव्या कर्नलवर तो बांधला जाईलच याची हमी नाही.

यूएसबी डोंगल घ्यायचे असेल आणि लॅपटॉप असेल, तर लिनक्सचा पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप बरोबर घेऊन जा. ओळखीचा दुकानदार लावून बघू देतो. ते जमत नसेल तर पक्के बिल घ्या आणि बदलून मिळण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन घेताना परत करण्याची सोय असलेलेच घ्या, आणि खोके पहिल्या आठवड्यात फेकू नका.

कार्ड बसवताना सीपीयूची मेन वायर काढा, नुसते बटण बंद करून भागत नाही. वायर काढल्यावर चालू करायचे बटण एकदा दाबा, उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मग कार्ड कडेने धरून स्लॉटमध्ये सरळ दाबा. सोनेरी काटे पूर्ण आत गेले पाहिजेत. आपल्या खाऱ्या हवेत जुन्या स्लॉटमध्ये धूळ आणि बुरशीसारखा थर बसतो. कार्ड दोन-तीनदा आत-बाहेर केले की स्पर्श सुधारतो. पट्टीचा स्क्रू लावायला विसरू नका.

मशीन चालू करा. टर्मिनलमध्ये कार्डासाठी एल-एस-पी-सी-आय आणि डोंगलसाठी एल-एस-यू-एस-बी ही अक्षरे सलग लिहा. जी यादी येते तिच्यात चिपचे खरे नाव असते, खोक्यावर काहीही छापलेले असो. पहिल्या आज्ञेपुढे जागा सोडून वजाचे चिन्ह आणि एन-एन-के असे जोडले, तर कोणता ड्रायव्हर कामाला लागला आहे तेही दिसते. चिपच्या नावाच्या ओळीत चार-चार अक्षरांचे दोन क्रमांक असतात, पहिला कंपनीचा, दुसरा चिपचा. पीसीआयच्या यादीत इंटेलचा ८०८६. मदत मागताना हे दोन क्रमांक सांगितले की समोरच्याला बाकी काही विचारावे लागत नाही.

कार्ड यादीत आहे पण ड्रायव्हरची ओळ नाही, अशी वेळ आली तर बहुधा कर्नल जुना आहे. नवे लिनक्स टाका. ड्रायव्हर आहे पण वायफाय उगवत नाही, तर फर्मवेअर नसण्याची शक्यता मोठी. डेबियन या लिनक्सच्या आणखी एका प्रकाराच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये पूर्वी बंदिस्त फर्मवेअर नसायचे. २०२२ मध्ये तिथल्या सभासदांनी मतदान करून ते घ्यायचे ठरवले आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आत आले. त्याआधीची सीडी किंवा पेनड्राइव्ह घरात असेल तर ती वापरू नका.

पण नेटच नसताना फर्मवेअर कुठून उतरवायचे? आपला अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे मोबाइलचे नेट केबलमधून संगणकाला द्या. लिनक्स याला तारेचे नेट समजते, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ही एक युक्ती माहीत असली तर अर्धी भीती जाते.

स्वस्त यूएसबी डोंगलचा आणखी एक प्रकार गोंधळात टाकतो. लावल्यावर वायफाय येत नाही, उलट पडद्यावर एक सीडी उगवते. डोंगलच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो आणि ते आधी सीडी असल्याचे सांगते. त्या सीडीच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून "इजेक्ट" करा, काही क्षणांत तेच डोंगल वायफाय म्हणून परत दिसते. दर वेळी हे करावे लागत असेल तर यूएसबी-मोडस्विच नावाचे पॅकेज टाका.

कर्नलबाहेरचा ड्रायव्हर नाइलाजाने बांधलाच, आणि तो चढत नसेल, तर बायोसमधले सिक्युअर बूट बघा. ही सोय सही नसलेला ड्रायव्हर आत येऊ देत नाही. कर्नलमधल्या ड्रायव्हरला ही अडचण कधीच येत नाही, हे वर सांगितलेल्या सल्ल्याचे आणखी एक कारण.

सगळे बरोबर, ड्रायव्हर जागा, दिवे पेटलेले, तरी नेट नाही? आपल्याकडे याचे उत्तर बरेचदा नेटवाल्याकडे असते. प्रत्येक कार्डाला कारखान्यातच बारा अक्षरांचा ओळखक्रमांक मिळतो, त्याला मॅक अॅड्रेस म्हणतात. काही स्थानिक केबलवाले ग्राहकाचा मॅक आपल्या यंत्रणेत बांधून ठेवतात. केबल राउटरमध्ये न जाता थेट संगणकात येत असेल, तर नवे कार्ड म्हणजे नवा मॅक, आणि पलीकडून दार बंद. नेटवाल्याला फोन करून नवा क्रमांक कळवा. जुना क्रमांक लिहून ठेवलेला असेल तर लिनक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये "क्लोन्ड मॅक" या रकान्यात तो घालूनही काम होते. मध्ये राउटर असेल तर हा प्रश्नच येत नाही.

गिगाबिट कार्ड लावूनही वेग १०० वरच थांबला, तर कार्डाला दोष देऊ नका. शंभर मेगाबिटला केबलमधल्या आठपैकी चारच तारा लागतात; गिगाबिटला आठही लागतात. जुन्या जोडण्यांत पैसे वाचवायला क्लिपमध्ये चारच तारा भरलेल्या असतात, किंवा एकाच केबलच्या उरलेल्या चार तारांवर शेजाऱ्याची जोडणी दिलेली असते. क्लिप पारदर्शक असते, उजेडात धरून तारा मोजा.

वायफाय डोंगल सारखे तुटत असेल तर ते कुठे लावले आहे ते बघा. यूएसबी ३ च्या पोर्टांतून आणि त्यांना लावलेल्या हार्डडिस्कमधून नेमक्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. डोंगल मागच्या बाजूला पत्र्याला चिकटून, हार्डडिस्कच्या शेजारी असेल तर ते बहिरे होते. पन्नास-शंभर रुपयांची यूएसबी एक्स्टेंशन वायर घेऊन त्याला टेबलावर आणा. जास्त ताकदीचे डोंगल घेण्याआधी हे करून बघा.

वालीव, गोखिवऱ्याच्या छोट्या कारखान्यांत जुन्या सीपीयूचा फायरवॉल करायची कल्पना आता रुजते आहे. फायरवॉल म्हणजे बाहेरचे नेट आणि आतले संगणक यांच्यामधला पहारेकरी. त्यासाठी ओपीएनसेन्ससारखी व्यवस्था वापरतात, आणि ती लिनक्सवर चालत नाही, फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्तस्रोत प्रणालीवर चालते. तिथे हिशोब बदलतो. फ्रीबीएसडीवर रिअलटेकच्या चिप तितक्या भरवशाच्या नाहीत, म्हणून दोन पोर्टांचे इंटेल कार्ड घ्यावे, सेकंडहँड असले तरी. घरासाठी मी रिअलटेक सुचवतो; दिवसभर दहा माणसांचे काम ज्यावर अवलंबून आहे तिथे सुचवणार नाही.

शेवटी पावसाबद्दल. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले होते, तेव्हा सीपीयू जमिनीवर ठेवू नये हे तळमजल्यावरच्यांना सांगायला नको. वरच्या मजल्यांना धोका विजेचा. गडगडाट सुरू झाला की लोक मेन बटण बंद करतात आणि लॅनची केबल तशीच राहते, खरे तर आधी तीच काढायला हवी. घरापर्यंत फायबर येत असेल तर काचेच्या त्या तंतूतून वीज येत नाही. पण फायबर इमारतीच्या जिन्यातल्या डब्यापर्यंतच असेल आणि पुढे गच्चीवरून तांबे असेल, तर धोका कायम आहे. नेटवाल्याला विचारा, घरापर्यंत फायबर ओढून मिळत असेल तर घ्या. नवे कार्ड लागल्यावर जळालेले मूळ पोर्ट बायोसमधून बंद करा आणि त्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावा, म्हणजे पुढच्या वेळी घाईत केबल त्यात जाणार नाही. कार्डाची चिप, आवृत्ती आणि मॅक क्रमांक कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.